डेस्कटॉप ॲपसाठी टूलकिट कोणतं घ्यावं? जळगाव, धुळे, नंदुरबारकडून वारंवार येणारे प्रश्न

जळगावात बसून मी जिनिंग, डाळ मिल, केळीचे व्यापारी आणि सराफी पेढ्यांसाठी डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहितो. इथले नवे प्रोग्रामर आणि शिरपूर, फैजपूर, बांभोरीकडची कॉलेजातली मुलं फोनवर तेच ते प्रश्न विचारतात. टूलकिट म्हणजे प्रोग्रामच्या खिडक्या, बटणं आणि याद्या करायचं तयार सामान. एकाच कोडातून विंडोज, लिनक्स आणि मॅकवर चालणारी टूलकिटं आज भरपूर आहेत. निवड करताना मात्र बहुतेक जण आपल्या टेबलावरच्या नव्या लॅपटॉपकडे बघतात. प्रोग्राम चालायचा असतो तो वजनकाट्याजवळच्या पत्र्याच्या खोलीत, मुनीमजींच्या हाताखाली. त्या खोलीच्या बाजूने ही उत्तरं लिहिली आहेत.

आता सगळं ब्राउझरमध्ये चालतं. मग डेस्कटॉप ॲप हवंच कशाला?

नोव्हेंबरात जिनिंगच्या फाटकावर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. भरलेली गाडी काट्यावर चढते, इंडिकेटरवरचा आकडा स्थिर होतो, तो सीरियल केबलमधून कॉम्प्युटरात येतो, पावती निघते आणि गाडी पुढे सरकते. कापूस खाली झाला की तीच गाडी रिकामी होऊन परत काट्यावर येते आणि दुसरं वजन होतं. मध्येच इंटरनेट गेलं म्हणून पावती अडली, तर मागचे सगळे ट्रॅक्टर हॉर्न वाजवायला लागतात. रात्रभर रांगेत थांबलेल्या शेतकऱ्याला सर्व्हरचं कारण सांगायची माझी हिंमत होत नाही.

क्रोम आणि त्याच्या जातीच्या ब्राउझरना २०२१ पासून सीरियल पोर्ट वाचता येतो, त्यामुळे हार्डवेअर जोडायचंय म्हणून डेस्कटॉपच हवं, असं आता ठामपणे म्हणता येत नाही. तरीही काटा, प्रिंटर, लोडशेडिंग आणि बेभरवशाचं नेटवर्क एकत्र आलं की माहिती त्याच मशीनवर, एसक्यूलाइटसारख्या छोट्या डेटाबेसच्या फाइलीत राहिलेली बरी. उलट, पाच गावांतल्या शाखा एकाच वेळी एकच साठा बघणार असतील आणि कुठलंही यंत्र जोडायचं नसेल, तर सरळ वेब ॲप करा. तिथे डेस्कटॉपचा हट्ट धरू नका.

टूलकिटांमध्ये मुळात फरक कसला असतो?

खिडकी, बटण आणि यादी पडद्यावर कोण काढतं, याचा. तीन घराणी आहेत.

पहिलं घराणं त्या त्या प्रणालीची स्वतःची बटणं वापरतं. डब्ल्यूएक्सविजेट्स, एक्लिप्ससाठी जन्मलेलं एसडब्ल्यूटी आणि लाझारस या घराण्यातले. प्रोग्राम विंडोजवर विंडोजसारखा आणि मॅकवर मॅकसारखा दिसतो. दुसरं घराणं सगळं स्वतः रंगवतं. क्यूट, जीटीके, जावातलं स्विंग आणि जावाएफएक्स, फ्लटर, अव्हलोनिया हे त्यातले. यांचा फायदा असा की प्रोग्राम सगळीकडे जवळपास सारखाच वागतो. तिसरं घराणं वेबपान खिडकीत बसवतं. इलेक्ट्रॉन पूर्ण क्रोमियम ब्राउझर सोबत घेऊन येतं, तर टॉरी त्या मशीनवर आधीच असलेला वेब-घटक वापरतं.

थेट सांगा, कोणतं घेऊ?

काउंटरवरच्या हिशोबाच्या प्रोग्रामसाठी माझं पहिलं उत्तर क्यूट. त्यातही त्याची जुनी, भक्कम ‘विजेट्स’ बाजू घ्यावी. सी++ येत असेल तर सी++मध्ये, नसेल तर पायथनमधून, पायसाइड हा क्यूटचा पायथन-जोड वापरून. व्हिज्युअल बेसिक किंवा डेल्फीत हात बसलेल्या माणसाला मी पास्कल भाषेतल्या लाझारसकडे पाठवतो. टीम वेबवाल्यांची आणि ग्राहकाची मशीनं नवी असतील तर इलेक्ट्रॉन किंवा टॉरीला माझा विरोध नाही.

क्यूटवरचा माझा विश्वास त्याच्या वयामुळेही आहे. नॉर्वेतल्या हावार्ड नॉर्ड आणि आयरिक चांबे-एंग या दोघांनी १९९१ मध्ये त्यावर काम सुरू केलं आणि १९९५ मध्ये ते लोकांसमोर आलं. नंतर मालक बदलत गेले. २००८ मध्ये ते नोकियाकडे गेलं, २०१२ मध्ये डिजियाकडे, आणि आज त्यासाठी क्यूट कंपनी वेगळी आहे. एवढ्या फेऱ्यांतूनही ते टिकलं, कारण लिनक्सवरचा केडीई हा डेस्कटॉप त्यावर उभा आहे. क्यूट मोकळं राहावं यासाठी १९९८ पासून केडीईबरोबर एक करारच आहे. जिनिंगचा मालक सॉफ्टवेअर एकदा घेतो आणि दहा-पंधरा वर्षं वापरतो. तेवढं आयुष्य ज्याने आधीच काढून दाखवलंय, त्याच्यावर मी ग्राहकाचा हिशोब ठेवतो.

माझ्या लॅपटॉपवर इलेक्ट्रॉन मस्त पळतं. मग अडचण काय?

तुमचा लॅपटॉप, हीच अडचण.

एका जिनिंगसाठी मी असंच वेबच्या रस्त्याने काटापावतीचं सॉफ्टवेअर केलं होतं. दिसायला देखणं होतं आणि माझ्या सोळा जीबी रॅमच्या मशीनवर झटकन उघडायचं. तिथल्या मशीनला चार जीबी रॅम होती आणि हार्डडिस्क जुनी, फिरणारी. शेजारी हिशोबाचं दुसरं सॉफ्टवेअर चालू, ब्राउझरमध्ये भाव बघायची चार पानं उघडी. माझा प्रोग्राम उघडला की डिस्कचा दिवा विझायचाच नाही. हंगामाच्या तिसऱ्या दिवशी मुनीम आप्पा मला म्हणाले, “भाऊ, नाव टाकतो तेव्हा अक्षर मागून येतं.” मी शेजारी स्टूल ओढून बसलो आणि बघितलं. खरंच, त्यांची बोटं ‘पाटील’पर्यंत पोचलेली असायची आणि पडद्यावर ‘पा’ असायचा. चूक सर्वस्वी माझी होती. ते मशीन मी आधी पाहिलं होतं, पण त्यावर प्रोग्राम चालवून पाहिला नव्हता.

इलेक्ट्रॉन २०१३ मध्ये गिटहबने ॲटम या एडिटरसाठी बनवलं. त्याच्या पोटात क्रोमियम आणि जावास्क्रिप्ट चालवणारं नोड असतात. साधा ‘नमस्कार’ दाखवणारा प्रोग्रामही डिस्कवर शंभर एमबीच्या वर जातो आणि चालताना तीन-चार प्रोसेस उघडतो. व्हीएस कोड या एडिटरसारखं सुंदर काम त्यावरच उभं आहे, तेव्हा तंत्राला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण त्याचा खर्च ग्राहकाच्या रॅममधून वजा होतो.

मग टॉरी?

त्याच पठडीत, अंगाने हलकं. रस्ट भाषेतलं टॉरी २०२२ मध्ये १.० झालं आणि २०२४ मध्ये २.० आलं. स्वतःचा ब्राउझर आणत नसल्याने त्याची फाइल काही एमबींतच आटोपते. विंडोजवर ते मायक्रोसॉफ्टचा वेबव्ह्यू२ हा वेब-घटक वापरतं, मॅकवर आणि लिनक्सवर वेबकिटची आपापली रूपं. म्हणजे तुमचं पान तीन वेगळ्या ठिकाणी तीन वेगळ्या घटकांवर रंगणार, आणि तिन्हींकडे तपासावं लागणार. रॅमही फाइलीच्या आकाराइतकी वाचत नाही, कारण शेवटी वेबचं इंजिन चालतंच. फाइल लहान आहे म्हणजे प्रोग्राम जुन्या मशीनवर पळेल, असं धरून चालू नका.

ग्राहकाकडे अजून विंडोज ७ आहे. काय चालेल?

मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला, आणि विंडोज १० चाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. पण काट्याशेजारचं मशीन कुणी तारखेवरून बदलत नाही. ते बंद पडतं तेव्हाच बदललं जातं.

क्यूट ६ ला विंडोज १० किंवा पुढचंच लागतं, विंडोज ७ साठी क्यूट ५.१५ वर थांबा. पायथनची विंडोज ७ वर चालणारी शेवटची मालिका ३.८. इलेक्ट्रॉनची तिथे चालणारी शेवटची आवृत्ती २२. टॉरीला लागणारा वेबव्ह्यू२ तिथे आवृत्ती १०९ वर अडकला आहे. लाझारस आणि डब्ल्यूएक्सविजेट्स मात्र अजून निवांत चालतात. अशा जुन्या मशीनला इंटरनेटची केबल लावू नका, हे ग्राहकाला आणि त्यांच्या मुलालाही सांगा. पेनड्राइव्हने रोजचा बॅकअप घेण्याची सवय लावा.

मराठी नीट दिसेल का?

टूलकिट निवडताना या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. इंग्रजीतली परीक्षणं वाचून याचं उत्तर मिळत नाही.

देवनागरीत अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवून भागत नाही. पहिली वेलांटी टाइप होते व्यंजनानंतर आणि दिसते आधी. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, जोडाक्षरं नवा आकार घेतात. हे काम करणाऱ्या भागाला शेपिंग म्हणतात. क्यूट, जीटीके, क्रोमियम, फ्लटर आणि जावा ९ पासूनचं स्विंग हे सगळे त्यासाठी हार्फबझ नावाचं इंजिन वापरतात, म्हणून तिथे काळजी कमी. खरा खड्डा टीकेमध्ये आहे, म्हणजे पायथनबरोबर फुकट येणाऱ्या टीकिंटरमध्ये. टीके ८.६ विंडोजवर तिथल्या यंत्रणेकडून मराठी बरोबर रंगवतं. तोच प्रोग्राम लिनक्सवर नेला की वेलांट्या चुकीच्या बाजूला बसतात आणि जोडाक्षरं फुटतात.

अमळनेरकडच्या एका आडतीत मी तो दाखवला तेव्हा तिथल्या तात्यांनी चष्मा वर करून विचारलं, “हाई काय शे भो?” फॉर्मवर लिहिलेलं होतं ‘शेतकऱ्याचे नाव’.

तेव्हापासून माझा पहिला चाचणी-शब्द तोच. ‘शेतकऱ्याचे’ या शब्दात मराठीची खास खूण आहे, तो आडवा, चंद्रकोरीसारखा अर्धा र. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ शेजारी शेजारी लिहून बघा. दोन्ही सारखेच दिसले तर फाँट किंवा टूलकिट, दोहोंपैकी काहीतरी गंडलेलं आहे. पुढे ‘शेंदुर्णी’, ‘ज्ञानेश्वर’, ‘ॲड.’ आणि ‘वऱ्हाडे’ हेही टाका. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात. ते हवे असतील तर फाँटमध्ये मराठीची सोय असावी लागते आणि मजकूर मराठी आहे हे टूलकिटला सांगावं लागतं.

फाँट ग्राहकाच्या मशीनवर असेलच, असं समजू नका. विंडोजवर मंगल किंवा निर्मला मिळतो, लिनक्सवर कधी लोहित, कधी काहीच नाही. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्त सोबत द्या. दोन्हींचा परवाना मोकळा आहे.

दिसतं बरोबर, पण शोधल्यावर नाव सापडत नाही. असं का?

कारण डोळ्याला एक दिसणारं अक्षर आत दोन तऱ्हांनी साठवलेलं असू शकतं. तो आडवा र काही कीबोर्ड ‘ऱ’ आणि हलंत असा लिहितात, काही साधा र, हलंत आणि मागे एक अदृश्य जोडचिन्ह असा. ‘ॲ’चंही तसंच. त्याला युनिकोडमध्ये २००८ पासून स्वतंत्र जागा आहे, पण पुष्कळ ठिकाणी अजून अ वर चंद्र देऊन तो लिहिला जातो. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे वेगवेगळी रूपं एकसारखी करायची पद्धत, या जोड्या एक करत नाही. साठवण्याआधी सगळं एका रूपात आणणारं दहा-बारा ओळींचं फंक्शन स्वतः लिहा आणि शोधायचा शब्दही त्यातूनच न्या. याला कुठलंच टूलकिट पर्याय देत नाही.

क्रमवारीचंही तेच. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या पाठोपाठ आहे, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. त्यामुळे गावांची यादी कच्च्या क्रमाने लावली तर पळासनेर आधी आणि पहूर नंतर येतं. मराठी वाचणारा पहूर आधी शोधतो. एसक्यूलाइट आपणहून बाइटच्या क्रमाने लावतं. त्याला आयसीयू या युनिकोड लायब्ररीचा विस्तार जोडता येतो, क्यूटमध्ये क्रम लावणारा क्यूकोलेटर आहे. क्ष आणि ज्ञ कुठे ठेवायचे, म्हणजे ‘क्षीरसागर’ क मध्ये की शेवटी, हे मालकांनाच विचारा. त्यांच्या जुन्या खतावणीत जसं असेल तसं ठेवा.

आकड्यांबाबत एक गोष्ट. प्रणालीला ‘मराठी’ सांगितलं की बहुतेक टूलकिटं आपोआप देवनागरी अंक दाखवतात. आमच्याकडच्या पुष्कळ पेढ्यांना नाव मराठीत आणि आकडा इंग्रजी अंकांत हवा असतो. आणि सव्वाबारा लाखांतला स्वल्पविराम १२,२५,००० असाच पडला पाहिजे. हा आकडा पहिल्याच दिवशी टाकून बघा.

मराठी टाइप होत नाही, फक्त इंग्रजी उमटतं.

लिनक्सवर क्यूटचा प्रोग्राम पॅक करताना आयबसचा, म्हणजे लिनक्सवर इतर भाषा टाइप करायच्या सोयीचा, प्लगइन मागे राहिलेला असतो. तो जोडा, होईल.

जुना डेटा श्रीलिपीसारख्या फाँटात आहे. तो कसा आणायचा?

असा डेटा बहुधा व्हिज्युअल बेसिक ६ च्या प्रोग्राममधला असतो, आणि ते १९९८ चं. त्याच्या स्वतःच्या बटणांना आणि चौकटींना युनिकोड कळत नव्हतं, म्हणून त्या काळी सगळ्यांनी फाँटाचा आधार घेतला. आत साठवलेलं असतं भलतंच इंग्रजी चिन्ह, वर फाँट चढवला की ‘पाटील’ दिसतं. फाँट काढला की उरतो नुसता गोंधळ.

नव्या टूलकिटात हा डेटा फाँटासकट तसाच वापरायचा मोह होतो. करू नका. शोध, क्रमवारी, मोबाइलवर पाठवणं, सगळं कायमचं अडतं. प्रत्येक फाँटाचा तक्ता वेगळा, म्हणून आधी नेमका कोणता फाँट ते शोधा, मग रूपांतराचा छोटा प्रोग्राम लिहा. वेलांटी आणि रफार यांच्या जागा बदलाव्या लागतात आणि तिथेच चुका होतात. रूपांतर झालं की सगळी नावं कागदावर छापून मुनीमजींपुढे ठेवा आणि लाल पेन द्या. त्यांना प्रत्येक खातेदार चेहऱ्याने माहीत असतो. चुकलेलं आडनाव ते ज्या वेगाने पकडतात, त्या वेगाने पकडणारं यंत्र मी पाहिलेलं नाही.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचं काय?

अजून तोच आहे, कारण एका ठोक्यात तीन प्रती निघतात. एक शेतकऱ्याला, एक फाटकावर, एक पेढीत. त्याच्या पोटातले इंग्रजी अक्षरांचे ठोके झपाझप पडतात. मराठी मात्र चित्र म्हणून काढावी लागते आणि वेग एकदम उतरतो. मी तडजोड करतो ती अशी. वजनं, तारीख आणि गाडीनंबर थेट प्रिंटरच्या आज्ञांनी मजकूर म्हणून पाठवतो, आणि फक्त नाव-गावाची ओळ चित्र म्हणून. मथळा स्टेशनरीवरच छापून घ्यायला सांगतो. थेट आज्ञा पाठवताना टूलकिट बाजूलाच राहतं, त्यामुळे इथे सगळी सारखीच.

लेझरवर हिशोबपट्टी काढायची असेल तर क्यूट आणि डब्ल्यूएक्सविजेट्समध्ये छपाई आणि पूर्वदृश्य तयार मिळतं. टीकेमध्ये ९.० येईपर्यंत छपाईची सोयच नव्हती. इलेक्ट्रॉनमध्ये वेबपान छापण्याइतकं सोपं आहे आणि पट्टी सुंदर दिसते, हे मोकळ्या मनाने मान्य करतो.

फुकटचं टूलकिट वापरून केलेला प्रोग्राम विकता येतो का?

येतो, पण परवाना वाचा. क्यूटला २००९ पासून एलजीपीएल परवाना आहे. स्वतःचा कोड झाकून ठेवून प्रोग्राम विकता येतो. अट अशी की क्यूटच्या फाइली वेगळ्या ठेवाव्यात, ग्राहकाला त्या बदलता याव्यात, आणि क्यूट वापरल्याची नोंद व परवान्याची प्रत सोबत असावी. सगळं एकाच एक्झी फाइलीत कोंबायच्या नादात ही अट मोडते. क्यूटचे काही भाग मात्र जीपीएलखाली आहेत, म्हणजे प्रोग्राम देताना आपला कोडही उघडा करावा लागतो, तेव्हा जो भाग घ्याल त्याचा परवाना वेगळा बघा.

पायथनवाल्यांनी एक फरक पक्का लक्षात ठेवावा. क्यूटचा दुसरा पायथन-जोड पायक्यूट, तो जीपीएल आहे. कोड उघडा न करता विकायचं असेल तर त्याचा पैशांचा परवाना घ्यावा लागतो. पायसाइड एलजीपीएल आहे. दोन्हींत लिहायची पद्धत जवळपास एकच, मग विकायच्या कामासाठी पायसाइडच घ्या. डब्ल्यूएक्सविजेट्सचा परवाना याहून सैल. इलेक्ट्रॉन एमआयटीखाली, फ्लटर बीएसडीखाली, हे परवानेही सैलच.

पायथनमध्ये केलं तर चालेल का? की हळू पडेल?

चालेल. काटापावतीच्या कामात प्रोसेसर बहुतेक वेळ मुनीमजींच्या पुढच्या बटणाची वाटच बघत असतो. उशीर लागतो तो प्रोग्राम उघडताना. पायइन्स्टॉलरने सगळं एका फाइलीत बांधलं तर दर वेळी ती फाइल आधी उलगडते, जुन्या डिस्कवर त्यात बराच वेळ जातो, आणि अँटिव्हायरस तिच्यावर हमखास संशय घेतो. फोल्डर म्हणून द्या, दोन्ही त्रास कमी होतात.

काट्याचं वाचन मात्र वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या धाग्यात, ठेवा. मुख्य थ्रेडमध्ये सीरियल पोर्टची वाट बघत बसलात, की केबल सैल झाली त्या क्षणी सगळी खिडकी गोठते. क्यूटमध्ये सीरियल पोर्टचा तयार भाग आहे, तो स्वतःच न अडता वाचतो.

मोबाइल आणि डेस्कटॉप दोन्ही हवं. फ्लटर?

केळीचे व्यापारी बागेत उभं राहून फोनवर घडांची नोंद करणार आणि तीच नोंद सावद्याच्या पेढीत कॉम्प्युटरवर बघणार, असं काम असेल तर फ्लटर खरंच विचारात घ्या. त्याचा विंडोजचा आधार फेब्रुवारी २०२२ मध्ये पक्का झाला, मॅक आणि लिनक्सचा त्याच वर्षी मे महिन्यात. फोनवर ते फार छान वागतं. डेस्कटॉपवर मला खटकतं ते कीबोर्डचं काम. आमचे मुनीम माउसला हात लावत नाहीत. एंटर दाबला की पुढच्या चौकटीत, बाणाने यादीत खाली, ठरलेल्या बटणाने जतन, अशी त्यांची बोटं बसलेली आहेत. हे फ्लटरमध्ये करता येतं, पण बरंच हाताने लिहावं लागतं. क्यूट आणि लाझारसमध्ये त्यातलं पुष्कळसं तयार असतं.

जावा? डॉटनेट?

स्विंग म्हातारं असलं तरी तब्येतीने ठणठणीत आहे. जावा आधीच येत असेल तर खुशाल वापरा. जावाएफएक्स २०१८ मध्ये जावा ११ पासून वेगळं काढलं गेलं, ते स्वतंत्र जोडावं लागतं. सी-शार्पवाल्यांनी लिनक्स हवं असेल तर अव्हलोनिया बघावं. मायक्रोसॉफ्टच्या माउई या टूलकिटात लिनक्सचा अधिकृत आधार नाही.

लिनक्सच ठेवलं काउंटरवर तर? जीटीके घेऊ का?

जुन्या मशीनला लिनक्सने नवं आयुष्य मिळतं, माझे काही ग्राहक त्यावर सुखात आहेत. जीटीके हे गिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरसाठी पीटर मॅटिस आणि स्पेन्सर किंबल यांनी सुरू केलेलं, पुढे ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपचा पाया झालेलं टूलकिट. फक्त लिनक्सवरच चालायचं असेल तर ते उत्तम, आणि अक्षरं मांडणाऱ्या पँगोमुळे मराठी सुरेख दिसते. विंडोजवर चालतं, पण पाहुण्यासारखं. उद्या मालकांच्या भाच्याने विंडोजचं नवं मशीन आणलं तर तुमची धावपळ होईल.

अहिराणीत प्रोग्राम करता येईल का?

येईल, आणि करावा. लिपी देवनागरीच, त्यामुळे शेपिंग आणि फाँट सगळं तयार आहे. अहिराणीला भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत स्वतःचा संकेतही आहे. क्यूटचं लिंग्विस्ट किंवा गेटटेक्स्ट या भाषांतराच्या साधनांत तुम्ही मराठीसारखीच अहिराणी शब्दांची फाइल करा आणि ती प्रोग्राममधून नाव घेऊन चढवा. तारीख आणि आकड्यांसाठी मराठीची मांडणी वापरा. एकच अट आहे. बटणांवरचे शब्द शहरात बसून ठरवू नका. ‘डोळा’चा ‘डोया’ होतो एवढं कळलं म्हणजे अहिराणी आली, असं होत नाही. साक्री, शिंदखेडा, अमळनेर, प्रत्येकीची बोलण्याची ढब वेगळी. ज्या गावच्या सोसायटीत प्रोग्राम बसणार, तिथल्या दोन माणसांकडून शब्द घ्या.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे, सर. काय शिकू?

पायथन येत असेल तर पायसाइड. महिन्याभरात हाताला येतं. टीकिंटरवर दोन दिवस घालवा, खिडकी, इव्हेंट आणि मांडणी या कल्पना कळतील, मग पुढे सरका. आणि विषय म्हणून पुन्हा ग्रंथालय व्यवस्थापन घेऊ नका. मामांच्या डाळ मिलमध्ये एक दिवस बसा, नंदुरबारच्या मिरची बाजारात तोलाईची नोंद कशी होते ते बघा. तिथून आणलेला प्रोजेक्ट परीक्षकांना आवडेल आणि मामा वापरतीलही.

निवड पक्की करण्याआधी चाचणी कशी घेऊ?

एकच फॉर्म करा. त्यात ‘शेतकऱ्याचे नाव’, गावाची यादी, दोन वजनं आणि पावती छापायचं बटण. एवढंच. तो पेनड्राइव्हवर घेऊन ग्राहकाच्या सगळ्यात जुन्या मशीनवर जा, त्यांचे रोजचे प्रोग्राम चालू असतानाच तो उघडा आणि घड्याळ लावा. पडदा बहुधा १३६६ बाय ७६८ चा असेल, जतन करायचं बटण खाली कापलं जात नाही ना ते बघा. पाच हजार नावांची यादी भरून खाली-वर सरकवा. मग काट्याची केबल मध्येच ओढा. मग चालू नोंदीत मशीनचा स्विच बंद करा, कारण एप्रिल-मे मध्ये वीज तेच करणार आहे. परत चालू केल्यावर आधीची पावती जागेवर असली पाहिजे. शेवटी खुर्ची मुनीमजींना द्या आणि तोंडातून अक्षरही न काढता दहा पावत्या होऊ द्या. दोन टूलकिटांत मन अडकलं असेल तर दोन्हींत हा फॉर्म करा. चार दिवस जातील, पण हंगाम वाचेल.

आणि निवड चुकली तर?

हिशोबाचा कोड खिडकीच्या कोडापासून वेगळा ठेवला असेल तर फार बिघडत नाही. भरलेल्या गाडीतून रिकामी वजा करणं, ओलाव्याची कपात, हमाली, तोलाई, पट्टीची रक्कम, हे सगळं अशा फाइलींत ठेवा ज्यांना बटण म्हणजे काय हेही माहीत नाही. ज्या जिनिंगमध्ये अक्षरं मागून यायची, तिथला माझा हिशोबाचा भाग नशिबाने असाच वेगळा होता. दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्यावरची खिडकी काढून क्यूटची बसवली. सुट्टी संपल्यावर काटा सुरू झाला तेव्हा मी पुन्हा त्याच स्टुलावर बसलो होतो. आप्पांनी ‘पाटील’ टाइप केलं, एंटर दाबला आणि मान वर न करता पुढच्या गाडीला हाक मारली.